मास्क खाली करून

सानपाडा,
८ जानेवारी २०२५

गोजरा,

तुझा फोन लागत नाही. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, एवढं मला कळतं. तुझा निळा डबा, चष्मा आणि घरात घालायच्या चपला इथेच राहिल्या आहेत. चष्म्यावाचून तुझं अडत असेल. बी विंगमधल्या आजींकडे येणारी दिघ्याची वैजयंती तुझी मैत्रीण, म्हणून तिच्या हाती द्यायला गेले, तर तिने हात मागे घेतले. "चाची, मला नका ह्याच्यात घेऊ," म्हणाली. म्हणून हे रजिस्टर पत्र पाठवते आहे. येऊन घेऊन जा, नाहीतर कळव, मी कुरिअर करीन.

पत्र लिहिणं मला जड जात नाही. म्हसळ्याच्या उर्दू शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवली. पोरांची नखं आणि पोरांचे निबंध दोन्ही मी सारख्याच बारकाईने तपासायची, हे तुला किती वेळा ऐकवलं असेल, तू कंटाळली असशील.

चाचा बरे आहेत. किडन्यांनी राजीनामा दिल्यापासून त्यांचं सगळं त्या पोटातल्या नळीवर चाललं आहे. दिवसाला चार वेळा दोन लिटर पाणी आत, चार वेळा बाहेर. सात महिने तू हेच केलंस, तुला मी काय शिकवणार! आता चारही बॅगा मीच बदलते. बाहेर आलेली पिशवी तू दाखवलंस तशी पेपरवर ठेवते आणि तिच्यातून बातमी वाचून बघते. तू गेल्यापासून पाणी एकदाही गढूळ आलं नाही, अक्षर पुसट दिसलं नाही. मुआज म्हणतो, "बघ अम्मी, मी बोललो होतो ना?"

तुझ्या एजन्सीकडे तुझी तक्रार केली ती मुआजने. मुलगा आहे, बापाला दोन महिन्यांत दोनदा पोटात पू होऊन दवाखान्यात न्यावं लागलं, तो घाबरला. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं हे मी जाणते. बोलता बोलता एखाद्या वेळी तुझा मास्क नाकाखाली घसरला असेल. तू बोलतेसही फार. झालं ते झालं. मनात ठेवू नकोस.

चाचा तुझी आठवण काढतात. म्हणतात, बाजारभाव सांगणारं आता घरात कोणी उरलं नाही.

तुझी,
इशरत चाची


सानपाडा,
१२ फेब्रुवारी २०२५

गोजरा,

काल माझ्या फोनवरून तुला एक मेसेज गेला असेल. "शब-ए-बरातच्या मुबारक मौक्यावर, माझ्याकडून कळत नकळत तुमचं मन दुखावलं असेल तर माफ करा." खाली दोन गुलाब आणि एक कंदील. तो तुझ्यासाठी नव्हता. बुशराने, माझ्या भाचीने, यादी बनवून दिली होती, ती दाबली आणि ब्याण्णव जणांना एकदम गेला. त्यात आमचा केबलवालाही होता. तो लगेच "सेम टू यू" म्हणाला. तुझ्या नावापुढे एकच टिक आहे, म्हणजे तुला पोचला नाही. बरं झालं.

आमच्यात असं आहे, गोजरा. उद्याची रात्र माफीची. पण माणसाने माणसाचं जे बिघडवलं ते वरून माफ होत नाही. त्यासाठी त्या माणसाच्याच दारात जावं लागतं. ही सोय नाही, अडचण आहे. म्हणून लोकांनी गुलाब आणि कंदील शोधून काढले.

तर मी नीट लिहिते. नोव्हेंबरची ती एकोणीस तारीख. दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलासमोर चाचा व्हीलचेअरवर, मागे मुआज, बाजूला मी, आणि दाराशी तू. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. जंतूचं नाव मी मागून कागदावरून उतरवून घेतलं, स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस. ते म्हणाले, हा माणसाच्या तोंडात राहतो, लाळेत. तिथे तो कोणाचं वाईट करत नाही. पण पोटात त्याचं काहीच काम नाही. पोटाच्या डायलिसिसवाल्यांमध्ये हा क्वचितच सापडतो, आणि इथे तर दोन महिन्यांत दोनदा तोच. म्हणजे नळी उघडी असताना घरात कोणीतरी तिच्यावर तोंड उघडं ठेवतंय.

मुआजने विचारलं, "मास्क कोण लावत नाही?"

मी तुझं नाव घेतलं नाही. एवढं तरी तू मानशील. मी फक्त म्हणाले, "मी तर कायम लावते." आणि तुझ्याकडे बघितलं.

बस, एवढंच झालं. पुढचं सगळं मुआज बोलला. तू "चाची..." म्हणालीस आणि थांबलीस. तू का थांबलीस ते मला विचारायचं होतं. संध्याकाळी तू डबा न घेताच गेलीस.

हिला कामावर घेऊ नका म्हणून मुआजने सोसायटीच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकला, तो टाकायला मी सांगितलं नव्हतं. मी तो काढायलाही सांगितलं नाही.

मला माफ कर, असं लिहायला बसले होते. पण कशासाठी ते लिहिल्याशिवाय माफी मागणं म्हणजे पुन्हा गुलाब आणि कंदीलच. ते मला आज जमत नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

इशरत चाची


सानपाडा,
५ मार्च २०२५

गोजरा,

माझी दोन्ही पाकिटं परत आली. वर पोस्टाचा शेरा, "घेण्यास नकार." दोन्ही आज उघडून वाचली. निबंध तपासतात तशी लाल पेन घेऊन बसले होते. घेतली नाहीस ते फार चांगलं केलंस. पहिल्या पत्रात खोटं आहे आणि दुसऱ्यात अर्धं. मुलांना मी सांगायची, अर्धं लिहून पेपर देऊ नका, कोरा दिलात तर निदान लाज तरी दिसते.

डॉक्टरांचं वाक्य मी तुला पुरं लिहिलं नव्हतं. ते म्हणाले होते, "कोणीतरी उघड्या नळीवर बोलतंय, खोकतंय किंवा फुंकतंय." तो शेवटचा शब्द मी गाळला. तो ऐकला आणि माझे कान गरम झाले, कारण तो माझा होता.

नळी बसवली त्या दिवसापासून मी हे करत होते. कुराणातली आयतुल कुर्सी, मग तीन कुल, आणि मग दम. म्हणजे पढून फुंकर घालायची. आजारी माणसाच्या कपाळावर, पाण्यावर, लेकरांच्या डोक्यावर आम्ही फुंकतो. माझ्या आईने मला असंच फुंकून वाढवलं. पण मला कपाळ पुरलं नाही. ज्या वाटेने पाणी आत जातं, त्याच वाटेने दुआही आत गेली तर लवकर पोचेल, असं माझं डोकं चाललं. नळीची टोपी निघाली की मी म्हणायची, "थांब गं." मास्क हनुवटीवर ओढायची आणि त्या उघड्या तोंडावर तीनदा फुंकायची. पहाटे फजरच्या नमाजनंतरच्या बॅगेला, आणि तुझ्या हातच्या संध्याकाळच्या बॅगेलासुद्धा.

तू मला अडवलं होतंस. जून महिना होता. "चाची, मास्क वर घ्या ना. टोपी उघडी हाय." मी तुझ्यावर डाफरले. "पाक कलाम आहे हा. यात जंतू नसतात. तू तुझं काम कर." तू खाली बघून म्हणालीस, "देवाचं नाव हाय, मी काय बोलनार."

त्यानंतर तू कधी बोलली नाहीस. दवाखान्यातही नाही. तुला सगळं माहीत होतं, माझी फुंकर तुझ्या हातावरून जायची, आणि तरी तू "चाची..." एवढंच म्हणून थांबलीस. मी मात्र थांबले नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण मी बोंबसुद्धा मारली नाही. नुसते डोळे फिरवले आणि तुझी भाकरी काढून घेतली.

आणि आता यातलं सगळ्यात वाईट लिहिते. त्या दिवसापासून मी फुंकणं बंद केलं. गुपचूप. कोणाला काही सांगितलं नाही. म्हणून पिशव्या स्वच्छ यायला लागल्या. घरात सगळे म्हणाले, गोजरा गेली आणि इन्फेक्शन गेलं. रोज चार वेळा मी ती पिशवी पेपरवर ठेवते, अक्षरं लख्ख दिसतात, आणि दर वेळी तुझ्यावरचा आळ आणखी पक्का होतो. तो पक्का करणारी मीच.

हे मला कबूल करायला लावलं ते चाचांनी. परवा रोजा सोडल्यावर संध्याकाळची बॅग लावत होते. ते बघत होते माझ्याकडे. म्हणाले, "इशरत, तू आता फुंकत नाहीस."

मी म्हटलं, "मनात पढते."

"पहिल्यांदा वाटलं विसरलीस. मग वाटलं, कंटाळलीस माझ्या आजाराला. चार महिने होत आले. रागावलीस का माझ्यावर?"

गोजरा, मी तिथेच रडले, मास्कमध्ये. सगळं सांगितलं. त्यांना पोटाचं दुखणं आठवत असेल असं मला वाटलं, ते कळवळून ओरडायचे तेव्हा तूच पाय दाबत बसायचीस. पण ते म्हणाले, "माझं सोड. माझ्यासाठी केलंस, मी माफ केलं. त्या बाईचं काय?" मी म्हटलं, पत्र लिहिलंय. "तिला लिहून काय होतंय? तिला तर माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना लिही." आयुष्यभर बंदरावर माल सोडवायचे कागद केले त्यांनी. म्हणाले, "तोंडी नको. लेखी दे, आणि खाली सही कर."

मी का गप्प बसले, ते स्वतःला विचारून पाहिलं. पहिलं उत्तर आलं ते फार सोज्वळ होतं. सोसायटीत आम्हा मुसलमानांची चारच घरं. बाकीचे हसतील, म्हणतील बघा, फुंकून नवऱ्याला मारत होती, नमाज-दुआची थट्टा होईल. म्हणजे मी माझ्या धर्मासाठी गप्प बसले! किती छान. पण ते खरं नव्हे. धर्माला माझ्या पदराची गरज नाही. खरं एवढंच की एकतीस वर्षं दुसऱ्यांची नखं तपासली आणि घाण माझ्या तोंडातून निघाली, हे मला सोसलं नाही. तू कराव्याची, खाडीवरची, तुझ्या डब्याला कोळंबीचा वास. तुझ्यावर लोक लगेच विश्वास ठेवतील हे मला त्या एका क्षणात कळलं होतं. तेवढं कळण्याइतकी मी हुशार होते. मला याची लाज वाटते. रोजा तोंडाला असतो, पण मला तो सोडताना लाज वाटते, पहाटे त्यासाठी उठताना लाज वाटते.

इशरत


सानपाडा,
१८ मार्च २०२५

गोजरा,

तेही पाकीट परत आलं. हे तू घेणार नाहीस हे धरूनच लिहिते आहे. काय केलं तेवढं सांगते.

मुआजला सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "अम्मी, आता कशाला काढते? अब्बा ठीक आहेत. टेन्शन कशाला घ्यायचं? ती बाई पण दुसरीकडे लागली असेल."

"लागली नाही," मी म्हटलं. हे मला वैजयंतीकडून कळलं होतं. मी तिला लिफ्टजवळ गाठलं आणि सगळं खरं सांगितलं, तेव्हा कुठे ती बोलली. एजन्सीने तुझं नाव काढलं. नेरुळच्या एका घरी तू दोन दिवस काम केलंस, तेवढ्यात आमच्या ग्रुपवरचा तुझा फोटो फिरत फिरत तिकडे पोचला. आता तू कोळंबी सोलायला बसतेस. वैजयंती म्हणाली, "गोजरा बोलली मला, मी तोंड उघडलं असतं तर ते लोक म्हनले असते, ही आमच्या देवावर आली. पेशंट मुसलमान, बाई आगरी, दवाखान्यात तमाशा. चाचा आधीच अर्धे झालेले. म्हनून गप बसले."

तू का थांबलीस याचं उत्तर मला मिळालं. तू माझी लाज राखलीस आणि मी तुझं नाव घालवलं.

मुआजला मी म्हटलं, फोटो तू टाकलास, आता माझं लिहिलेलं तूच टाक. नाही म्हणाला. "लोक काय बोलतील माहितीय तुला? आपल्यालाच बोलतील." मग मीच टाकलं. मराठीत, आठ ओळी, माझ्या नावाने. दोघांनी हसण्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, "अंधश्रद्धा." एवढ्यावर भागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या स्मिताताई वर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनी आयसीयूत सलाईनच्या बाटलीला अंगारा फासला होता. मी कोणाला बोलले नाही अजून." त्यांचा माझ्यावर विश्वास बसला म्हणून सांगितलं असेल. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची पुन्हा लाज वाटली. कारण त्यांच्या सासूबाईंनी कोणाची नोकरी घालवली नव्हती.

डॉक्टरांना लिहून दिलं. त्यांनी वाचून कागद फाइलला लावला. रागावले नाहीत. म्हणाले, "दोनदा तोच जंतू आला तेव्हाच वाटलं होतं, घरात काहीतरी रोज होतंय. बाई, दुआ करा, पण मास्कच्या आतून करा. आणि हे नोव्हेंबरमध्ये सांगितलं असतंत तर त्या बाईला मी जाऊ दिलं नसतं. हात तिचे चांगले होते." चाचा बाजूलाच होते. म्हणाले, "माझी बायको शाळेत मास्तरीण होती, डॉक्टर. धडा उशिरा कळतो तिला." एवढी थट्टा त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी केली.

एजन्सीचा मॅनेजर मात्र म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या ना, मिटवून टाकू." मी उठले नाही. रोजा होता, पाणीही नको होतं, बसून राहिले. शेवटी त्याने तक्रार मागे घेतल्याचा कागद केला, त्यावर शिक्का मारला, तुझं नाव यादीत परत घातलं. कागदाची प्रत माझ्याकडे आहे.

ती द्यायला मी परवा कराव्याला आले होते. तुझा डबा आणि चष्माही घेतला होता. देवळाच्या पुढच्या गल्लीतून खाडीकडे आले, तर तू दहा-बारा बायकांत बसली होतीस. हात चालू होते आणि तोंडही. काहीतरी बोललीस आणि सगळ्या हसल्या. मला वाटलं, आता पुढे जाऊन या सगळ्यांसमोर बोलायचं. मी पाच मिनिटं एका होडीच्या आडोशाला उभी राहिले आणि रिक्षा करून परत आले. तुझं नाव मी चारचौघांत घालवलं. माफी मात्र मला बंद पाकिटातून मागायची होती. रजिस्टर करून, पोच घेऊन. तिन्ही वेळा.

म्हणून हे पाकीट मी पाठवत नाही. टेबलावर राहू दे.

इशरत


[पोस्टकार्ड]

सानपाडा, २२ मार्च २०२५

श्रीमती गोजराबाई यांस,
मुक्काम करावे गाव, नवी मुंबई

गोजराबाई,

कार्ड बंद करता येत नाही, म्हणून कार्ड लिहिते.

माझ्या नवऱ्याच्या पोटात जे जंतू गेले ते माझ्या तोंडातले. उघड्या नळीवर मास्क खाली करून मी फुंकत होते. तुम्ही मला अडवलं होतंत. तुमचा मास्क कधीही खाली नव्हता. दवाखान्यात मी खोटं वागले आणि आळ तुमच्यावर आला. तक्रार मागे घेतल्याचा शिक्क्याचा कागद एजन्सीत आहे, प्रत माझ्याकडे. आमच्याकडे परत या असं मी म्हणत नाही. रविवारी, तीस तारखेला, सकाळी अकरा वाजता मी तुमचं सामान घेऊन खाडीवर, बायका बसतात तिथे येते आहे. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलेन. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल.

इशरत इसाक

पोस्टमनदादा, त्या कार्ड घेणार नाहीत. तुम्ही हे एव्हाना वाचलंच असेल. परत आणू नका. तिथेच उभे राहा आणि मोठ्याने वाचून दाखवा.